या गट नंबरची जमीन अस्तित्वात नाही

माझ्या एका वाक्यामुळे एका माणसाचा डावा कान गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पुढे मी माझी बाजू मांडायला लागेन. मला ती खोड आहे.

मी वेबसाइटी बनवते. नगरला स्टँडपासून जवळच, एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच येतं. गिऱ्हाईक म्हणजे मंगल कार्यालयं, दातांचे दवाखाने, भंडारदऱ्याचे तंबूवाले. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. घरात कोणी कोणावर हात उचलला नाही, गरजच पडली नाही. वडील पोरांच्या वहीत लाल शाईने एक ओळ लिहीत आणि ते पोर आठवडाभर मान वर करत नसे. मी चौथीत असताना माझ्याच वहीत त्यांनी लिहिलं होतं, ‘हे उत्तर नव्हे, हा निष्काळजीपणाचा पुरावा आहे.’ मी रडले, जेवले नाही, आणि मोठी झाल्यावर आपणही असंच लिहायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं. राग मला वडिलांकडून आयता मिळाला. त्यात मी थोडी भर घातली, कारण माझा हातही उठतो.

कोल्हारच्या अलीकडे, पाटाच्या कडेला एक गाव आहे. तिथल्या पाणी वापर संस्थेचे सचिव एका हिवाळ्यात माझ्याकडे आले. पन्नाशीचे, अंगाने बारीक, बोलताना सतत वाजणारा मोबाईल उलटा करून मांडीवर दाबून धरणारे. त्यांची अडचण साधी होती. धरणातून आवर्तन, म्हणजे ठरल्या मुदतीचं पाणी, सुटलं की ते पाटाला येतं, पाटातून चारीला आणि चारीतून एकेकाच्या शेताला. कोणाला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी घ्यायचं, ती पाळी संस्था ठरवते. पाळीची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावली की पहिल्याच दिवशी कोणीतरी फाडून नेतं आणि मग दिवसभर सचिवांना फोन.

“मॅडम, आवर्तन सुटलं का मला जेवता येत न्हाई,” ते म्हणाले. “मानसानं मोबाईलमदी आपला गट नंबर टाकला का आपली पाळी दिसली पायजे. एवढंच करा.”

मी एवढंच केलं. पांढरं पान, मधे एक चौकोन, खाली बटण. गट नंबर टाका, नाव आणि वेळ दिसेल. सचिवांनी ते चारचारदा दाबून पाहिलं आणि मग विचारलं, “आन कुनी चुकीचा नंबर टाकला तर?”

“तर दिसणार नाही.”

“न्हाई, पन काय दिसंल?”

ते बघू नंतर, असं मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे नेहमीच नंतर असतं. माणूस चुकीच्या पत्त्यावर गेला की समोर येणारं ते एक पान, एरर पेज. ते कोणी मागत नाही, कोणी तपासत नाही, सगळं काम झाल्यावर कंटाळलेल्या डोक्याने ते लिहून टाकायचं. तंबूवाल्याच्या साइटवर मी ‘डोंगरात वाट चुकतेच, मागे फिरा’ असं लिहिलं होतं आणि तो खूश झाला होता. चुकलेला माणूस तिथे मजेत असतो. त्याला सुट्टी असते.

संस्थेची साइट गावात चाचणीला दिली आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. पानाच्या तळाला मी माझा फोन नंबर टाकला होता, मदतीसाठी. लोक चौकोनात काय वाटेल ते टाकत. आधार नंबर, मोबाईल नंबर, लाइट बिलावरचा नंबर. एकाने ‘राम राम’ टाकलं. एकाने आईचं नाव टाकलं, कारण जमीन आईच्या नावावर होती. आणि मग प्रत्येक जण मला फोन करी. “बाई, पानी कवा?” एकाचा एका दुपारी पाचव्यांदा फोन आला तेव्हा माझ्या हातात भाताचा घास होता. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, “चिडू नका बाई, बीपी वाढंल.” मी ताट असं आपटलं की वरण कीबोर्डपर्यंत गेलं. तेच हात पुसून मी एरर पेज लिहायला बसले.

‘या गट नंबरची जमीन अस्तित्वात नाही. पाळी मिळणार नाही. नंबर नीट बघून टाका.’

अक्षरं लाल केली आणि तळाचा माझा फोन नंबर काढून टाकला. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. तीनच वाक्यं, एकही शब्द जास्त नाही. वडिलांना आवडलं असतं.

साइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सचिवांनी आणखी एक मागितलं. माणसाला आपली पाळी व्हॉट्सॲपवर घरी पाठवता आली पाहिजे, म्हणजे जो शेतात असेल त्याला कळेल. मी प्रत्येक गटाला स्वतंत्र पान दिलं आणि त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी गट नंबर जोडला. १४६ टाकून पाहिला, चालला. १४९ टाकून पाहिला, चालला. लॅपटॉप मिटला.

१४७/२ टाकून पाहिला नाही. वेबसाइटच्या पत्त्यात तिरपी रेघ आली की सर्व्हरला वाटतं, आता आतल्या खोलीत जायचंय. त्याने १४७च्या घरात २ नावाची खोली शोधली. ती नव्हती. म्हणून त्याने माझं लाल पान पुढे केलं. आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात ही गोष्ट, आणि मला ती पाठ होती.

आता ही तिरपी रेघ गट नंबरात येते कधी? जमीन एकत्र असली की नंबर सरळ असतो. वाटण्या झाल्या, भाऊ वेगळे निघाले, की नंबराला रेघ पडते. म्हणजे ज्या घरात सगळे एकाच चुलीवर जेवत होते त्यांना त्यांची पाळी बरोबर दिसणार होती. आणि जिथे वाटणी झाली होती, जिथे बांधावरच्या बाभळीवरून पाच पाच वर्षं बोलणं बंद होतं, नेमक्या त्या घरांना मी सांगणार होते की तुमची जमीन अस्तित्वात नाही. गावाचा सूड घ्यायचा म्हणून बसले असते तरी मला इतकी नेमकी घरं निवडता आली नसती.

उन्हाळ्याचं पहिलं आवर्तन सुटलं त्या दिवशी सकाळी सातला साइट सुरू झाली. नऊच्या आत सचिवांचा फोन आला.

“मॅडम, ते बंद करा. हितं मारामाऱ्या लागल्यात.”

मला वाटलं ते वाढवून सांगतायत. “म्हणजे काय झालंय?”

“मारामाऱ्या म्हंजी मारामाऱ्या. डोकी फुटल्यात. तुमी हितं या.”

त्यांच्या मागून एका बाईचा आवाज येत होता. ती कोणालातरी नाव घेऊन शिव्या देत होती आणि प्रत्येक शिवीबरोबर काहीतरी आपटत होती. मी गाडी काढली. राहुरी येईपर्यंत सचिवांनी लोकांच्या मोबाईलचे फोटो पाठवले. राहुरीच्या पुढे एका रसवंतीपाशी गाडी उभी करून मी ते पाहिले. सगळीकडे माझं लाल पान, आणि वर पत्त्यात प्रत्येक नंबराला तिरपी रेघ. एका क्षणात सगळं कळलं. मी स्टेअरिंगवर मूठ मारली, हॉर्न वाजला आणि रसवंतीवाला बिचारा ग्लास भरून घेऊन आला. तिथेच दुरुस्त करावं म्हणून लॅपटॉप उघडला, तर रेंज नव्हती. तो रस मी एका दमात प्यायले आणि गाडी पळवली.

तोवर गावात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते मला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. एका घरात दोन जावा चारीच्या तोंडाशीच एकमेकींच्या झिंज्या धरून चिखलात पडल्या, एकीचं मंगळसूत्र तुटून पाण्यात गेलं. एका ठिकाणी चुलतभावाने चुलतभावाच्या मोटरीचा स्टार्टर दगडाने ठेचला. एका पुतण्याने काकाच्या मनगटाला चावा घेतला, इतका की टाके पडले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, दुसऱ्याने संस्थेत जाऊन माझं नाव कापलं. मशीन चुकलं असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. मशीन एवढं ठामपणे बोलत होतं.

आणि १४७. तिथे दोन भाऊ. थोरला पंचावन्नच्या आसपासचा, धाकटा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. बाप लवकर गेल्यावर थोरल्याने धाकट्याला वाढवलेलं, त्याचं लग्न लावून दिलेलं. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली ती न भांडता, निम्मी निम्मी. गावात त्या वाटणीचं कौतुक होतं. थोरल्याला १४७/१, धाकट्याला १४७/२. थोरला मोबाईल वापरत नव्हता. पाटकऱ्याने, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाने, त्याला तोंडी सांगितलं होतं की आठला तुझं आणि अकराला धाकट्याचं. म्हणून आठ वाजता तो बांध फोडून पाणी उसात घेत होता. धाकटा आपल्या बाजूला मोबाईल घेऊन उभा होता.

धाकटा बांध ओलांडून आला. पलीकडच्या वावरात गुरांसाठी घास कापणाऱ्या बायांनी हे पाहिलं. तो म्हणाला, “माझी जमीनच न्हाई म्हनं. कुटं गेली माझी जमीन?” थोरला वाकून चिखल ओढत होता, पाण्याचा आवाज होता, त्याने वर न बघताच “काय?” म्हटलं. धाकट्याने त्याच्याच शेजारी उभं केलेलं दुसरं फावडं उचललं आणि पात्याची बाजू डोक्याच्या डाव्या अंगाला घातली. थोरला पडता पडता दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्याच्या आधी बायांनी येऊन फावडं धरलं, त्यात एकीचा तळहात चिरला. धाकटा मग बांधावर बसून राहिला. पाणी दुपारपर्यंत उसात तसंच वाहत होतं, कारण ते बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी संस्थेच्या कार्यालयापाशी पोचले तेव्हा बाहेर साठ-सत्तर माणसं असतील. खिडकीची काच आधीच गेली होती. मी गाडीतून उतरले, काखेत लॅपटॉप. एकाने तो हिसकला. “ह्येच का ते?” म्हणाला आणि दगडी पायरीवर आपटला. कीबोर्ड एकीकडे, पडदा एकीकडे. मी त्याच्या थोबाडीत मारली. विचार करून नाही, हात गेला. त्याने उलट्या हाताने माझ्या तोंडावर मारलं आणि माझा ओठ दाताखाली येऊन फुटला. सचिवांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि शटर खाली घेतलं. बाहेरून पहिला दगड लगेच बसला.

आत अंधार, जुना कम्प्युटर, भिंतीवर कॅलेंडर. तिरप्या रेघेची दुरुस्ती करायला मला दहा मिनिटं लागली. एका ओळीचं काम. ती ओळ लिहिताना शटरवर दगड पडत होते आणि प्रत्येक दगडाला सचिवांचे खांदे वर जात होते.

“झालं,” मी म्हटलं. “आता सगळ्यांना पाळी दिसेल.”

“दिसंल. पन उद्या अजून कुनाचं अडलं तर? ते लाल लाल येनार का परत?”

मग मी एरर पेज उघडलं. ओठातून रक्त येत होतं, ते ओढणीला पुसत मी लिहिलं, ‘क्षमस्व. आपण शोधत असलेली माहिती उपलब्ध नाही.’ सचिव माझ्या खांद्यावरून वाचत होते.

“क्षमस्व कशाला? लग्नाची पत्रिका छापायची का आपल्याला?” ते म्हणाले. “आन उपलब्ध न्हाई म्हंजी न्हाईच ना. त्यांला वाटंल, अजूनबी न्हाईच म्हनत्यात.”

“मग काय लिहू?”

“मशीनला माहीत न्हाई आन जमीन न्हाई, ह्यात फरक हाय का न्हाई मॅडम? तुमी तर मास्तराच्या घरच्या.”

वीस वर्षं मी ही पानं लिहिते आहे आणि कोणी मला इतकं नेमकं बोललं नव्हतं. यंत्राला कळलं नाही, एवढंच त्याला म्हणायचा अधिकार होता. जगात काय आहे आणि काय नाही, हे ठरवायला मी त्याला बसवलं होतं.

“तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “तुम्ही बोलता तसं. मी टाइप करते.”

ते उभ्या उभ्या सांगत गेले, मधेच दगड पडला की थांबत. ‘थांबा. तुमची जमीन जागेवर हाय आन तुमचं पानीबी. तुमी टाकलेला नंबर आमच्या मशीनला कळला न्हाई. ही चूक मशीनची हाय. तुमची न्हाई आन घरातल्या कुनाचीबी न्हाई. यादीतून कुनाचंच नाव कापलेलं न्हाई. खाली आख्ख्या चारीची यादी हाय, तिच्यात आपलं नाव बघा. घावलं न्हाई तर फोन लावा, कवाबी लावा.’ खाली त्यांनी आपला नंबर द्यायला सांगितला. मी माझाही घातला. शुद्धलेखन मी सुधारलं नाही. अक्षरं काळी केली.

मग शटर हातभर वर करून, जमिनीवर गुडघे टेकून मी ते पान बाहेरच्या पायांना वाचून दाखवलं. वाचताना एक दगड आत आला आणि टेबलाच्या पायाला लागला. वाचून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, “यादी वाचा.” सचिवांनी यादी घेतली आणि एकेक नाव, एकेक वेळ मोठ्याने वाचायला लागले. आपलं नाव ऐकलं की माणूस निघून जाई. मला शटरच्या खालून नुसत्या चपला दिसत होत्या, त्या एकेक करून कमी होत गेल्या. यादी अर्ध्यावर आली तेव्हा रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. सचिव थांबले, यादीतला नंबर बघितला आणि १४७ न वाचताच पुढच्या नावावर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बजावलं. “रेघेचं तुमी कुटं काय बोलायचं न्हाई. सर्व्हर बंद पडला हुता म्हना. सर्व्हरला कोन मारायला जातंय?” त्यांना संस्थेवर बालंट येईल याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. नवऱ्याचंही म्हणणं तेच पडलं. मी ऐकलं. याची मला आजही लाज वाटते. त्या महिन्यात मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची एरर पेजं फुकट बदलून दिली, दातांच्या दवाखान्याचीसुद्धा, जिथे कधी कोणाचं काही अडलं नव्हतं. घरात मात्र माझं वागणं इतकं बिघडलं की नवरा दाराआडून बोले. एकदा मी मिक्सरचं भांडं भिंतीवर मारलं, त्याची खूण अजून आहे.

थोरला महिनाभराने दवाखान्यातून घरी आला. कवटीला तडा, डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, बोलणं सावकाश. धाकटा आतच होता, जामीन झाला नव्हता. सचिवांनीच मला फोनवर सांगितलं की उद्या हवालदार थोरल्याचा जबाब घ्यायला येणार आहे. सगळं त्या जबाबावर होतं. रागाच्या भरात मारलं म्हणाला तर एक कलम लागणार होतं, जीवे मारायला आला म्हणाला तर दुसरं. दुसऱ्यात माणूस वर्षानुवर्षं बाहेर येत नाही. धाकट्याला दोन शाळकरी मुली होत्या.

मी त्या रात्री सर्व्हरवरची नोंद काढली. कोणतं पान किती वाजता उघडलं गेलं, हे सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो. १४७/२ सकाळी सात बेचाळीसला उघडलं गेलं होतं. मग पुन्हा. मग पुन्हा. आठ वाजून दोन मिनिटांपर्यंत अकरा वेळा. म्हणजे वीस मिनिटं तो नंबर टाकत होता आणि वीस मिनिटं मी त्याला तेच सांगत होते. मला वाटलं, हा कागद थोरल्याने पाहिला की त्याचं मन वितळेल. भाऊ दुष्ट नव्हता, त्याला अकरा वेळा फसवलं गेलं, हे त्याला दिसेल. मी त्या नोंदीची एक आणि माझ्या जुन्या लाल पानाची एक अशा दोन प्रिंट घेऊन सकाळीच गेले.

थोरला ओट्यावर खाटेवर बसला होता, डोक्याला मऊ कापडाची टोपी. त्याची बायको ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. रेघ, सर्व्हर, आणि ते वाक्य मी रागात लिहिलं होतं, हेही. त्याची बायको उठली. तिने सूप खाली ठेवलं, माझ्यासमोर आली आणि माझ्या कानाखाली मारली. मग दुसऱ्या बाजूला. “ह्यो एक महिना कुटं हुतीस?” म्हणाली. माझा हात उठला नाही. उठला असता तर मी तो दुसऱ्या हाताने धरला असता.

“बस कर,” थोरला म्हणाला. मग मला म्हणाला, “हिकडच्या अंगाला या. वाचा काय लिव्हलंय ते.”

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि वाचलं. या गट नंबरची जमीन अस्तित्वात नाही. पाळी मिळणार नाही. नंबर नीट बघून टाका. त्याने दुसरा कागद मागितला. मी बोट ठेवून एकेक वेळ वाचून दाखवली. तो मनात मोजत होता, ओठ हलत होते.

“अकरा,” तो म्हणाला.

“हो. अकरा वेळा त्याला तेच दिसलं. त्याची चूक नव्हती, दादा. माझी होती.”

तेवढ्यात हवालदार मोटारसायकलवरून आला, चहा घेतला, पॅड मांडीवर घेऊन लिहायला बसला. थोरल्याने सगळं सावकाश सांगितलं. पाणी, फावडं, किती घाव. माझं वाक्यही सांगितलं, शब्दाला शब्द, आणि ते दोन्ही कागद हवालदाराला दिले. मला आतून जरा सुटल्यासारखं झालं. वाटलं, आता म्हणेल, रागाच्या भरात.

हवालदाराने पेन थांबवून विचारलं, “तुमचं म्हणणं काय? जीवे मारायच्या इराद्यानं आला होता का तुमचा भाऊ?”

थोरल्याने ओट्यावरून दिसणाऱ्या बांधाकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला. “वीस मिन्टं त्या डबड्याला इचारत हुता. मी हाकंच्या अंतरावर हुतो. मला एकदा इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का, आरं बाबा, पानी तुजंच हाय, अकराला घे, न्हाईतर आत्ता घे?”

हवालदाराने त्यातला फक्त पहिला शब्द लिहून घेतला.